आधी धड, डोकं सगळ्यात शेवटी

अॅक्सिडेंट झाला की चार जण धावत येतात, कोणी काखेत हात घालतो, कोणी पाय धरतो आणि जखमीला उचलून मिळेल त्या रिक्षात घालतात, मनापासून मदत करायची असते हो, पण मानेचा मणका मोडला असेल तर त्या उचलण्यातच मज्जारज्जूला आणखी इजा होऊ शकते. आणि मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या नसांवर आपलं श्वासपटल चालतं, म्हणजे इजा तिथे किंवा त्याच्या वर झाली तर हातपाय तर जातातच, श्वास पण बंद पडू शकतो.

म्हणून अॅम्ब्युलन्समध्ये तो लांब प्लास्टिकचा स्पाइन बोर्ड असतो. एक जण डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं धरतो आणि ऑर्डर त्याचीच चालते, त्याने तीन म्हटलं की बाकीचे खांदा, कंबर, पाय एकाच वेळी वळवतात आणि बोर्ड पेशंटच्या अंगाखाली सरकवतात. मग पट्टे, आधी छाती, मग कंबर, मग पाय. बघणाऱ्याला वाटतं मान मोडलीय तर पहिलं डोकं बांधा ना, पण डोकं घट्ट आणि धड मोकळं असं झालं आणि जिन्यावरून उतरवताना बोर्ड तिरका झाला की धड घसरतं आणि सगळा ताण मानेवर येतो. त्यामुळे धड पक्कं होईपर्यंत डोक्यावरचे ते दोन हात हलत नाहीत.

छातीचा पट्टा काखेखालून वरच्या छातीवर घेतात, पोटावर नाही, आणि आवळल्यावर पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगायचं. कमरेचा पट्टा हाडावर बसला पाहिजे. डोक्याची टेप कपाळावरून जाते, हनुवटीवरून कधीच नाही, कारण उलटी झाली तर तोंड उघडलं पाहिजे, आणि तेव्हा पेशंटसकट अख्खा बोर्ड कुशीवर करावा लागतो, पट्टे नीट बांधलेत का ते तिथेच कळतं. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं म्हणून त्यांच्या खांद्याखाली कापडाची घडी घालतात, नाहीतर मान पुढे वाकते. बांधण्याआधी आणि बांधून झाल्यावर बोटं हलतात का, स्पर्श कळतो का हे बघायलाच हवं, ही गोष्ट घाईत राहून जाते आणि ती राहू नये असं मला फार वाटतं.

पण बोर्ड ही झोपवून ठेवायची जागा नाही. कडक पृष्ठभागावर पाठ दुखते, माकडहाडाशी कातडीवर दाब येऊन जखमा होतात, आवळलेल्या पट्ट्यांनी श्वास कमी पडतो. १९९८ साली मलेशिया आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या पेशंट्सची तुलना छापून आली, मलेशियात कोणालाच असं बांधून आणलेलं नव्हतं तरी तिथे नसांचं नुकसान कमीच दिसलं. दोन देश, दोन वेगळ्या सिस्टीम, त्यामुळे एवढ्यावरून बोर्ड वाईट ठरत नाही, पण डॉक्टर लोक विचार करायला लागले हे खरं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सर्जन आणि इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून सांगितलं की चाकू किंवा गोळीच्या जखमेत असं बांधायची गरज नाही, आणि हॉस्पिटलला पोचल्यावर बोर्ड लवकरात लवकर काढा.

आपल्या हातात बोर्ड नसतोच. आग किंवा ट्रॅफिकचा धोका नसेल तर जखमीला हलवू नका, १०८ ला फोन करा, डोकं आहे तसं दोन्ही हातांनी धरा आणि त्याला मान हलवू नको म्हणून सांगत रहा. पोलिसांच्या भानगडीची भीती वाटते लोकांना, पण २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सुद्धा सक्ती नाही.