आवाज बदलला की फर्मवेअर बिघडलं?

डिजिटल गिटार प्रोसेसरवर, म्हणजे गिटारचा आवाज घडवणाऱ्या यंत्रावर, नवं फर्मवेअर (त्याचं आतलं सॉफ्टवेअर) टाकलं, पहिला कॉर्ड वाजवला आणि शेजारी बसलेला बेसिस्ट म्हणाला, "अबे, आवाज पातळ झाला ना बे याचा." नागपुरातल्या आमच्या प्रॅक्टिस रूममध्ये प्रत्येक अपडेटनंतर हे वाक्य येतंच. मी काही वर्षांपासून अशा प्रोसेसरच्या बीटा, म्हणजे सगळ्यांना देण्याआधीच्या चाचणी आवृत्त्या तपासतो. या एका वाक्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे कंपनीने समजून-उमजून केलेला बदल आणि दुसरी म्हणजे नकळत शिरलेला बग. कानाला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून गल्लत होते.

बदल कागदावर असतो. फ्रॅक्टल ऑडिओ कंपनीने 2021 मध्ये आपल्या प्रोसेसरसाठी, म्हणजे अ‍ॅक्स-एफएक्स 3 साठी 'सिग्नस' नावाचं नवं अँप मॉडेलिंग, म्हणजे खऱ्या अँप्लिफायरची गणिती नक्कल, आणलं. अँपच्या सर्किटचं गणितच नव्याने मांडलं की गेन आणि बासचे नॉब होते तिथेच असूनही आवाज वेगळा येऊ शकतो. लाइन 6 कंपनीने 2022 मध्ये हेलिक्स प्रोसेसरच्या 3.50 आवृत्तीत स्पीकर कॅबची (स्पीकरच्या पेटीच्या नकलेची) नवी पद्धत दिली, पण जुने कॅब 'लेगसी' म्हणून तसेच ठेवले, म्हणजे जुन्या प्रीसेटला (साठवलेल्या सेटिंगच्या संचाला) धक्का नको. मला ही दुसरी रीत जास्त आवडते. ज्याचा शनिवारी कार्यक्रम आहे त्याला शुक्रवारी रात्री पन्नास प्रीसेट पुन्हा बसवायला सांगणं बरोबर नाही. पण दोन्हीकडे रिलीज नोट्स वाचल्या की काय बदललं ते कळतं, आणि त्याला बग म्हणून कळवण्यात अर्थ नसतो.

आता तो 'पातळ' आवाज खरंच पातळ झाला का, हे आधी बघायला हवं. दिवसा मोठ्या आवाजात वाजवलेला प्रीसेट रात्री शेजाऱ्यांची झोप सांभाळून हळू ऐकला, तर बास कमीच लागणार. आवाज कमी झाला की कानाला खर्ज जास्त कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. उलट दोन आवाजांपैकी एक जेमतेम 1 डेसिबलने मोठा असला, तरी तो मोठा न वाटता 'भरीव' वाटतो. म्हणून कानावर विसंबण्याआधी मी नल टेस्ट करतो.

त्यासाठी गिटारचा कोरा सिग्नल, म्हणजे डीआय, एकदाच रेकॉर्ड करून ठेवायचा. तोच डीआय जुन्या फर्मवेअरमधून पाठवून रेकॉर्ड करायचा, अपडेट करायचं आणि पुन्हा तोच पाठवायचा. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकाखाली एक लावून एकाचा फेज उलटा करायचा आणि एकत्र वाजवायचे. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर काहीच ऐकू येत नाही. जे उरतं तो फरक. ट्रॅक एका सॅम्पलनेही सरकता कामा नये. 48 किलोहर्ट्झवर एक सॅम्पल म्हणजे सेकंदाचा अठ्ठेचाळीस हजारावा भाग, पण तेवढ्यानेही वरच्या स्वरांत खोटा फरक दिसतो. कोरस, ट्रेमोलो, मॉड्युलेशन असलेला रिव्हर्ब असे सतत डोलणारे इफेक्ट बंद ठेवायचे, कारण ते एकाच फर्मवेअरवरही दोनदा सारखे वाजत नाहीत. आणि अनेकजण विसरतात ती पायरी म्हणजे आधी जुन्यावर जुनं तपासणं. अपडेट न करता दोनदा रेकॉर्ड करून किती उरतं ते पाहिलं नाही, तर पुढचा आकडा कशाशी ताडणार?

'एकदाच रेकॉर्ड करून ठेवायचा' हे मी एका मे महिन्यात शिकलो. पारा 45 वर, नवी बीटा टाकलेली, आणि क्लीन प्रीसेटमध्ये एक बारीक घरघर. मार्चच्या रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हती. मी बग म्हणून कळवलं. कंपनीच्या इंजिनिअरने डीआय मागितला. तो नुसता ऐकला तर घरघर त्यातच होती, म्हणजे प्रोसेसरमध्ये जाण्याच्याही आधी. मार्च आणि मे यांच्यामध्ये खोलीत कूलर आला होता, गिटारपासून चार फुटांवर, आणि सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारा गिटारवरचा भाग) मोटरचा 50 हर्ट्झचा गुणगुणाट उचलत होता. कूलर बंद केला, घरघर गेली. त्या इंजिनिअरची अर्धी दुपार माझ्यामुळे गेली याचं मला आजही वाईट वाटतं. आता जानेवारीत रेकॉर्ड केलेला एकच डीआय मी प्रत्येक बीटाला वापरतो.

याशिवाय अपडेटनंतर ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रीसेटना लागू होणारं सेटिंग मूळ स्थितीवर गेलेलं असू शकतं, ग्लोबल ईक्यू किंवा आउटपुट लेव्हल. ते सर्वांत आधी बघावं. बॅकअप अपडेटच्या आधी घ्यावा, कारण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रीसेट जुन्यात उघडेलच असं नाही. आणि अवकाळीचे ढग भरून आलेले असताना, लाईट जायची शक्यता असताना, अपडेट सुरूच करू नये.

खरा बग बहुतेकदा नल टेस्टमध्ये सापडत नाही, कारण तो स्थिर आवाजात नसतो, एका गोष्टीवरून दुसरीवर जाताना असतो. मला सापडलेला एक वाह पेडलचा, म्हणजे पायाने आवाज दबका-उघडा करणाऱ्या इफेक्टचा होता. कधीकधी प्रीसेट बदलला की वाह बंद पडल्यासारखा दबका वाजायचा, आणि पाय जरा हलला की ठीक. 'कधीकधी' असं कळवून कुणालाच काही करता येत नाही. दोन संध्याकाळ घालवल्यावर अट कळली आणि मी असं लिहिलं: "1. वाह असलेला रिकामा नवा प्रीसेट बनवा. 2. दुसऱ्या प्रीसेटवर जा. 3. पेडल पूर्ण पुढे दाबा. 4. पाय न हलवता पहिल्या प्रीसेटवर या. 5. वाजवा. वाह पुढे दिसतो, पण मागे असल्यासारखा वाजतो. दहापैकी दहा वेळा." सोबत आवृत्तीचा क्रमांक आणि प्रीसेटची फाइल.

पुढच्या बीटात हेच पाच टप्पे मी पन्नास वेळा केले. वाह पन्नासही वेळा जागेवर होता.