घरगुती फ्लाइट सिम्युलेटरमधल्या मोटरवाल्या कंट्रोलचं प्रोग्रामिंग

घरी बांधलेल्या विमानाच्या कॉकपिटात काही दांड्या नि चाकं अशी असतात की ती हातानेही हलवायची असतात आणि ऑटोपायलट चालू असताना त्यांनी आपणहूनही हलायचं असतं, ह्यांना मोटराइज्ड कंट्रोल म्हणतात. त्यात मुख्य वस्तू तीन, थ्रस्ट लिव्हर (म्हणजे आपण ज्याला थ्रॉटल म्हणतो ते, इंजिनाची पॉवर वाढवणारी दांडी), ट्रिम व्हील (शेपटीकडून विमानाचं नाक वर-खाली साधणारं चाक) आणि स्पीडब्रेकची दांडी (पंखांवरच्या फळ्या उभ्या करून वेग मारणारी). बोइंग ७३७ चं कॉकपिट बांधायला घेतलं की तिन्ही लागतातच, कारण खऱ्या विमानात ऑटोथ्रॉटल (इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) पॉवर वाढवतं-कमी करतं तेव्हा लिव्हर पायलटच्या डोळ्यांदेखत पुढे-मागे सरकतात. एअरबस ए३२० मध्ये तसं नसतं, तिथे ऑटोथ्रस्ट चालू असताना लिव्हर क्लाइंबच्या खाचेत गप्प बसून राहतात, त्यामुळे एअरबसवाल्याची थ्रॉटलच्या मोटरीतून सुटका होते, ट्रिम व्हील मात्र तिथेही फिरतं.

सगळा मामला एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. ह्या दांडीला दोन मालक आहेत, पायलटचा हात आणि ऑटोथ्रॉटल, आणि कुठल्या क्षणी कोण मालक हे ठरवणं हेच कोडचं खरं काम. बाकी मोटर फिरवणं, वायरी जोडणं ही कामं शाळेतली पोरंही करतात.

माहिती कुठून येते

सिम्युलेटरला सतत विचारत राहावं लागतं की लिव्हर आत्ता कुठे असायला हवा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ह्यासाठी सिमकनेक्ट हा बाहेरच्या प्रोग्रामशी बोलायचा दुवा आहे, तो एफएसएक्स (फ्लाइट सिम्युलेटर एक्स) बरोबर २००६ मध्ये आला आणि २०२० नि २०२४ च्या आवृत्त्यांतही तोच रस्ता आहे. त्याच कामाचं पीट डाउसनचं एफएसयूआयपीसी हे सॉफ्टवेअर जुनं नि भरवशाचं, त्यात प्रत्येक माहितीला एक ऑफसेट नंबर, म्हणजे तिचा पत्ता. एक्स-प्लेन ह्या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये डेटारेफ (प्रत्येक माहितीचं नाव) असतात, ते नेटवर्कवरून यूडीपीने ४९००० नंबरच्या पोर्टवर मागता येतात, म्हणजे वेगळा प्लगइन न लिहिताही काम भागतं. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर तर पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स. कोडच लिहायचा नसेल तर मोबीफ्लाइट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, दिवे-बटणं-साधे सर्वो (सांगितलेल्या जागी जाऊन थांबणारी छोटी मोटर) त्यावर छान चालतात, पण मोटरवाल्या थ्रॉटलसाठी माझ्या मते स्वतःचा कोड लिहावाच, कारण खाली सांगितलेला मालकीचा घोळ तयार सॉफ्टवेअरमध्ये मनासारखा सोडवता येत नाही.

पीसीवरचा छोटा प्रोग्राम ही माहिती घेतो आणि यूएसबीवरून आर्डुइनोला (मोटर चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला) पाठवतो. सेकंदाला वीस-तीस वेळा पाठवलं तरी पुरतं, मोटरचा आतला लूप (जागा वाचून मोटर हलवत राहणारं चक्र) मात्र आर्डुइनोवरच आणि त्याहून कितीतरी जलद चालला पाहिजे, हे दोन वेग एकत्र करायला गेलं की लिव्हर झटके देत हलतो.

लूप

लिव्हरच्या आसावर पॉट म्हणजे पोटेन्शियोमीटर, फिरवलं की बदलणारा रेझिस्टर, बसवलेला असतो, आर्डुइनो उनो त्याची जागा ० ते १०२३ आकड्यात वाचतो. सिमने सांगितलेली जागा वजा खरी जागा म्हणजे चूक, आणि चुकीच्या प्रमाणात मोटरला जोर द्यायचा, मोठी चूक मोठा जोर. पीआयडीमधला पी तो हाच, आय म्हणजे साठत गेलेली चूक, डी म्हणजे चूक बदलण्याचा वेग, आणि हे गणित मुळात जहाजाचं सुकाणू आपोआप धरण्यासाठी निकोलस मिनोर्स्कीने १९२२ मध्ये मांडलं होतं. थ्रॉटलला बहुतेक वेळा पी आणि डी पुरतात. आय वापरलाच तर त्याला वरची मर्यादा घालावी, नाहीतर कोणी लिव्हर हाताने धरून ठेवला की तेवढ्या वेळात चूक साठत जाते आणि हात सोडल्या सोडल्या लिव्हर सुसाट पळतो.

दोन बारीक गोष्टी इथे फार महत्त्वाच्या आहेत. पॉटचा आकडा कधीच स्थिर नसतो, लिव्हर जागेवर असला तरी दोन-तीन अंक वरखाली नाचतो, म्हणून चूक चार-पाच अंकांच्या आत असेल तर मोटर पूर्ण बंद ठेवायची, हा डेडबँड नसेल तर मोटर रात्रभर कुरकुरत राहते आणि तापते. दुसरं म्हणजे गिअरवाली छोटी डीसी मोटर कमी पीडब्ल्यूएमवर (वीज झटपट चालू-बंद करून दिलेल्या कमी जोरावर) फिरतच नाही, नुसती गुणगुणते, म्हणून ती ज्या आकड्याला खरोखर हलते तो शोधून त्याच्या खालचा जोर द्यायचाच नाही. आणि मोटरची पॉवर वेगळ्या सप्लायवरून, ग्राउंड मात्र एकच, आर्डुइनोच्या पाच व्होल्टवर मोटर चालवायला जाऊ नये.

मालक कोण

आता मूळ प्रश्न. समजा ऑटोथ्रॉटल चालू आहे, सिम म्हणतंय लिव्हर ६२ टक्क्यांवर हवा, मोटर त्याला तिकडे नेते पण डेडबँडमुळे तो ६१.६ वर थांबतो. तोच पॉट जर जॉयस्टिक अ‍ॅक्सिस म्हणूनही, म्हणजे पायलटच्या हाताची जागा सांगणारा म्हणून, सिमला जोडलेला असेल तर सिमला वाटतं पायलटने पॉवर ६१.६ वर आणली, मग स्पीड किंचित पडतो, ऑटोथ्रॉटल वाढवायला सांगतं, मोटर पुन्हा हलते, अ‍ॅक्सिस पुन्हा भलतंच बोलतो, आणि इंजिनांचा आवाज वर-खाली वर-खाली होत राहतो. नवीन बांधणारे मग पीआयडीचे आकडे बदलत बसतात आणि दोष तिथे नसतोच. उपाय सरळ आहे, ऑटोथ्रॉटल दांडीचा मालक असेपर्यंत पॉटचा आकडा सिमकडे जाऊच द्यायचा नाही, तो फक्त मोटरच्या लूपसाठी वापरायचा. सिमसाठी वेगळ्या विकत मिळणाऱ्या काही महागड्या विमानांत (अ‍ॅड-ऑनमध्ये) हाताचा थ्रॉटल कधी मानायचा ह्याचं सेटिंगच असतं, कधीच नाही, फक्त होल्ड मोडमध्ये किंवा नेहमी, ते आधी बघून घ्यावं.

होल्ड मोड म्हणजे काय तर ७३७ एनजी टेकऑफला धावत असताना ८४ नॉटला ऑटोथ्रॉटल हात काढून घेतं, पॅनलवर थ्रॉटल होल्ड दिसतं, आणि तिथून पुढे काही काळ लिव्हर पायलटचे. कोडमध्ये ही सगळी अवस्था-बदलांची यादी हवी, बंद, आर्म (तयार), एन१ (इंजिनाच्या पंख्याच्या वेगावर पॉवर), होल्ड, स्पीड (विमानाचा वेग राखणं), रिटार्ड (उतरताना लिव्हर मागे घेणं), आणि प्रत्येक अवस्थेपुढे फक्त एवढंच लिहायचं की मोटर की हात. एकदा ही यादी नीट झाली की निम्मं काम झालं म्हणा.

तरी एक प्रसंग उरतो, ऑटोथ्रॉटल चालू असतानाच पायलटने लिव्हर धरून ओढला तर? खऱ्या ७३७ मध्ये सर्वो मोटर आणि लिव्हर यांच्यात क्लच असतो, तो घसरतो आणि हात जिंकतो. घरी हे फेल्ट किंवा टेफ्लॉनच्या वॉशरमधून लिव्हरला घसरता येईल अशी जोडणी करून साधतात, आणि कोडमध्ये ओळखतात असं की मोटरला पूर्ण जोर देऊनही चूक कमी होत नाही किंवा उलट वाढतेय, तर नक्की कोणीतरी धरलंय, मोटर ताबडतोब सोडून द्यायची. करंट मोजणारा सेन्सर लावला तर हे आणखी लवकर कळतं.

इथेच गोव्यातल्या पोरांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराची मान आणि हात हलवायला, शिगम्याच्या चित्ररथावरची चित्रं हलवायला गाडीच्या वायपरची मोटर अनेकदा वापरतात, ती गॅरेजमध्ये स्वस्तात मिळते आणि ताकद भरपूर, म्हणून तीच थ्रॉटलला लावायचा मोह होतो. पण तिच्यात वर्म गिअर असतो, बाहेरून हाताने ती फिरतच नाही, क्लचशिवाय लावली तर लिव्हर भिंतीत गाडल्यासारखा घट्ट. नरकासुराला मालक एकच असतो, इथे दोन.

ट्रिम व्हील

ट्रिम व्हीलचं तसं बरं आहे, त्याला ठरावीक जागी थांबायचं नसतं, अनेक फेरे फिरायचं असतं, म्हणून स्टेपर मोटर, ठरावीक पावलांनी फिरणारी, बरी. नेहमीच्या नेमा १७ मापाच्या मोटरचा एक फेरा २०० स्टेपचा. वेग मात्र खऱ्यासारखा हवा, ७३७ मध्ये फ्लॅप खाली असताना इलेक्ट्रिक ट्रिम जलद चालतं, वर असताना हळू, आणि फ्लॅप तेच असताना ऑटोपायलट पायलटच्या स्विचपेक्षा हळू फिरवतो. चाकावरची पांढरी पट्टी आणि तो खडखडाट ही पायलटसाठीची सूचना आहे, विमान आपल्या नकळत नाक कुठे वळवतंय ते कळायला. ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांनंतर सगळ्या जगाला स्टॅब ट्रिम कटआउट स्विच, म्हणजे ट्रिमच्या मोटरची वीज तोडणारे स्विच, माहीत झाले. घरच्या कॉकपिटात हे स्विच सॉफ्टवेअरमधून वाचून गप्प बसू नये, मोटरची वीज खरोखर तोडणारे हवेत, कारण कोड अडकला तर कोडला विचारून काय उपयोग.

गोव्यातली हवा, वीज

समुद्राची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस ह्यांचा पहिला बळी पॉट. आतल्या कार्बनच्या पट्टीवर ओल नि धूळ बसते, आकडा मधेच उडी मारतो आणि मोटर दचकते. वास्को, पणजीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत सरळ मॅग्नेटवर चालणारा सेन्सर घ्यावा, एएस५६०० हा एका फेऱ्याचे ४०९६ भाग करतो आणि त्यात घासणारं काहीच नाही. कॉकपिट झाकून ठेवणं आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं हेही हवंच, नाहीतर प्लायवूडला बुरशी.

लाइट गेला आणि लगेच आला तर आर्डुइनो सेकंदात उठतो, पीसी उठायला वेळ लागतो, मधल्या काळात आर्डुइनोला वाटतं जागा शून्य आहे आणि तो लिव्हर मागे आपटतो. म्हणून नियम असा की सिमकडून ताजी माहिती येईपर्यंत मोटर हलवायचीच नाही, आणि अर्धा सेकंद माहिती आली नाही तरीही बंद. बोटं अडकू शकतात अशा ठिकाणी ह्यावर तडजोड नको, दोन्ही टोकांना लिमिट स्विच (टोक गाठताच मोटर थांबवणारे) हवेतच.

तपासायला दाबोळीचा २६ रनवे घ्या किंवा पेडण्यातलं मोपा, जिथून ५ जानेवारी २०२३ ला विमानं उडायला लागली. ऑटोथ्रॉटल चालू ठेवून उतरा. जमिनीपासून पंचवीस-तीस फुटांवर लिव्हर स्वतःहून मागे यायला लागले पाहिजेत, चाकं टेकली की आर्म केलेली स्पीडब्रेकची दांडी खटकन मागे गेली पाहिजे. ह्या दांडीला एमजी९९६आर सारखा धातूच्या गिअरचा सर्वो पुरतो, पण दांडी जागेवर पोचली की त्याचा सिग्नल कोडमधून तोडायचा, नाहीतर टॅक्सी करताना ती हाताने पुढे ढकलायला जाल तेव्हा सर्वो उलट जोर लावतो आणि त्याचे दात जातात.