नागपूर (उपराजधानी)

नागपूर : महाराष्ट्राची उपराजधानी आणि विदर्भातील सर्वांत मोठे शहर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३१० मी. दख्खनचा काळा बेसाल्ट शहराच्या परिसरातच संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची, तर पूर्वेकडे जुने नाइस (एक प्रकारचे रूपांतरित) खडक लागतात. अंबाझरीकडून येणारी नाग नदी शहरातून वाहते. पिण्याचे पाणी मात्र मुख्यतः पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून येते.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास आसपासच्या वाड्या एकत्र करून शहर वसवले. १७४३ मध्ये पहिल्या रघूजी भोसल्यांनी येथे सत्ता घेतली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसले हरले, आणि तिसरे रघूजी १८५३ मध्ये औरस वारस न ठेवता वारल्यावर इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. १९०३ मध्ये वऱ्हाडही त्याच प्रशासनाखाली आले. १९३६ पासून येथे स्वतंत्र उच्च न्यायालय होते. १९५० नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानीही नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरचे राजधानीपद संपले. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने त्याआधी स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ती मान्य झाली नाही.

‘उपराजधानी’ या बिरुदामागे कायदा नाही, करार आहे. विदर्भासह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून वेगवेगळ्या भागांतील मराठी नेत्यांनी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात, सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्काम हलवावा, विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे घ्यावे आणि उच्च न्यायालयाचे दुसरे पीठ येथे असावे, असे ठरले. यातले खंडपीठ टिकले. अधिवेशनाला तेवढे संरक्षण नाही: संविधानाच्या अनुच्छेद १७४ नुसार अधिवेशनाचे स्थळ राज्यपाल ठरवतात, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ ठरवते. म्हणूनच २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या काळात हिवाळी अधिवेशन मुंबईत घेता आले. महाराष्ट्र व गुजरातसाठीचा अनुच्छेद ३७१(२) विकास मंडळे आणि निधीच्या समन्यायी वाटपासारख्या गोष्टींबद्दल आहे, अधिवेशनाबद्दल नाही. त्यानुसार १९९४ मध्ये स्थापलेल्या विदर्भ मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

अधिवेशन साधारणतः डिसेंबरमध्ये असते. त्यासाठी मंत्रालयातील अधिकारी आणि फायली सव्वाआठशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून येतात. मुख्यमंत्री ‘रामगिरी’वर, मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात आणि कर्मचारी बरेचसे १६० खोल्यांच्या गाळ्यांत उतरतात. पुरवणी मागण्यांच्या चर्चेइतकेच महत्त्व या दिवसांत मोर्चांना येते, कारण गडचिरोली-गोंदियाच्या माणसाला सरकार एवढ्या जवळ एरवी भेटत नाही. मोर्चे विधानभवनापर्यंत जाऊ देत नाहीत. ते मॉरिस कॉलेज टी-पॉइंटसारख्या ठिकाणी अडवतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी येथेच गोवारी या आदिवासी दर्जा मागणाऱ्या समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले. त्यांत बायका आणि मुले जास्त होती.

हिवाळ्याचा संकेत मोडून २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन येथे घेतले. ६ जुलैला जोरदार पाऊस झाला, आवारातली गटारे तुंबली, पाणी विजेच्या यंत्रणेपर्यंत पोचले आणि वीज बंद करून कामकाज तहकूब करावे लागले.

वर्षभर चालणारा कारभार वेगळाच. विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. राज्याच्या वन विभागाचे मुख्यालय आणि भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय येथेच आहे. शहरात १९५१ पासून महानगरपालिका आहे, पण १९३६ च्या कायद्याने निर्माण झालेला नागपूर सुधार प्रन्यास ही शहर विकासाची वेगळी संस्थाही आहे. त्यामुळे एखादा लेआउट मंजूर कोणी करायचा, रस्ता कोणी बांधायचा आणि गटार कोणी साफ करायचे, हा वाद नागपूरकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. प्लॉट घेताना तो कोणाच्या हद्दीत येतो आणि लेआउट नियमित झाला आहे का, हे आधी पाहावे लागते.