बाप्तिस्मा आणि प्रवेशसंस्कार (मुंबई)

बाप्तिस्मा : ख्रिस्ती धर्मसभेत प्रवेश देणारा जलविधी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बुडवणे’. मराठी बायबलमुळे ‘बाप्तिस्मा’ हा शब्द रुळला. मराठी कॅथलिक त्याला ‘स्नानसंस्कार’ असेही म्हणतात. मराठीत मुंज लागते, माळ घालतात, दीक्षा घेतात. बाप्तिस्म्याला मात्र तीन क्रियापदे चालतात. तान्ह्या बाळाचा तो होतो, धर्मगुरू तो देतो आणि जाणता माणूस तो घेतो. या संस्कारावरून झालेले बहुतेक वाद ‘होतो’ आणि ‘घेतो’ यांच्यात अडकलेले आहेत. मुंबईत त्यांतले काही थेट न्यायालयापर्यंत गेले.

पाण्याने शुद्ध होऊन नव्याने सुरुवात करण्याची कल्पना ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. यहुदी परंपरेत शुद्धीसाठी पाण्यात पूर्ण बुडी मारतात आणि नव्याने यहुदी होणाऱ्यालाही ती बुडी घ्यावी लागते. योहानाने यार्देन नदीत लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा दिला. येशूनेही तो त्याच्याकडून घेतला. पुढे ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हे शब्द विधीचा गाभा ठरले. पाणी इथे मळ धुण्यापुरते नसते. पौलाच्या पत्रांत पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे, असा अर्थ आहे. म्हणूनच हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो.

वांद्रे, गोराई, मनोरी, मरोळ, कुर्ला या जुन्या गावठाणांतले ईस्ट इंडियन कॅथलिक पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती आहेत. (‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतले. त्यांची घरची बोली मराठीचीच.) त्यांच्याकडे बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. आईवडील आणि धर्ममातापिता बाळाला घेऊन येतात आणि धर्मगुरू आधी विचारतो, ‘या बाळाचे नाव काय ठेवले आहे?’ बाळाच्या वतीने मोठी माणसे सैतानाचा धिक्कार करतात आणि श्रद्धा प्रकट करतात. मग डोक्यावर तीनदा पाणी, टाळूवर ख्रिझ्मा हे पवित्र तेल, अंगावर पांढरे वस्त्र. शेवटी पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून घरच्यांच्या हाती देतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषा आल्या, तेव्हापासून हे प्रश्न आजीलाही समजतात आणि उत्तरे तीही देते. मूल मरणाच्या दारात असेल, तर पाणी ओतून योग्य हेतूने ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ हेच शब्द म्हणणारी कोणतीही व्यक्ती, अगदी बाप्तिस्मा न झालेली परिचारिकासुद्धा, हा संस्कार देऊ शकते. कॅथलिक धर्मनियमांतली ही तरतूद मला या विषयातली सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

बाळाच्या वतीने दुसऱ्याने दिलेली कबुली खरी मानायची का, हा प्रश्न १५२५ साली झुरिकमध्ये पेटला. काही जणांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी छळ सोसला. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या आजही जाणत्या वयात, पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा देतात. केरळी सीरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत याच्या उलट, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा, तैलाभ्यंग आणि प्रभुभोजन एकाच वेळी मिळते. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने बालकांचा आणि प्रौढांचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले.

गोराईच्या घरात ज्या पाण्याने आनंद होतो, त्याच पाण्याने एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत घरे फुटली. मे १८३९ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या आपल्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला. पारशी समाज मुंबईतल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. धनजीभाई स्वतःचे ठरवण्याइतका जाणता आहे, असे न्यायालयाने मानले. पालकांनी आपली मुले शाळेतून भराभर काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. तो अजाण म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पण त्याने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतले होते, आणि जात गेली ती त्या अन्नाने. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर सनातन्यांचा रोष पत्करून उभे राहिले. बाप्तिस्म्यामागे वारसा, पंगत, सोयरीक असे सगळे ओढले जात होते. धर्मशास्त्रावरचा वाद हा त्याचा एक भाग होता. कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा घेतला. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. ज्या उंबऱ्यावर त्यांना स्वतःला घर सोडावे लागले, तो त्यांनी इतरांसाठी सपाट करू पाहिला.

मुंबईच्या चाळींत बाप्तिस्म्याला सर्रास ‘ख्रिश्चनांचं बारसं’ म्हणतात. ही तुलना प्रेमाची आहे, पण ती फसवते. बारशाला बाराव्या दिवशी बाळ पाळण्याखालून-वरून फिरते, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ होते, आत्या कानात कुर्रर करून नाव सांगते, घुगऱ्या वाटतात. त्यातून बाळ कुटुंबाला आणि शेजाराला मिळते. धर्मात ते जन्मानेच असते. बाप्तिस्म्याजवळ जाणारा विधी शोधायचा तर मुंजीकडे पाहावे, कारण तिथे बटूचा दुसरा जन्म मानतात. पण मुंजीचे दार परंपरेने त्रैवर्णिक मुलग्यांपुरतेच उघडे होते. वारकऱ्यांची तुळशीमाळ त्या मानाने कितीतरी मोकळी: ती कोणत्याही जातीच्या बाईने वा पुरुषाने घालावी आणि पथ्ये पाळावीत.

पारशांची नवजोत बहुधा सात ते नऊ या वयात होते. गिरगावातली अल्ब्लेस बाग किंवा दादरची पारशी कॉलनी ही तिची ओळखीची ठिकाणे. स्नानानंतर मुलाला पांढरा सदरा आणि कस्ती हा पवित्र गोफ मिळतो. कस्ती ७२ लोकरी धाग्यांची असते, यस्ना या धर्मग्रंथाच्या ७२ अध्यायांची आठवण म्हणून, आणि ती कमरेला तीन वेढे देऊन बांधतात. या विधीने माणूस समाजात येतो का, यावर मुंबई उच्च न्यायालयाने १९०८ मध्ये निकाल दिला. रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नी सुझान यांची नवजोत झाली होती. जरथुश्ती धर्म स्वीकारता येतो, पण पारशीपण बापाच्या रक्ताने येते, असे न्या. दावर आणि न्या. बीमन यांचे म्हणणे पडले. धर्मात शिरणे आणि समाजात शिरणे यांतला फरक इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहिला गेला असेल.

मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल यहुद्यांत मुलग्याची सुंता आठव्या दिवशी होते. मांडवीतल्या शाआर हारहमीम (१७९६) या त्यांच्या पहिल्या सिनेगॉगपासून शहरात त्यांची सलग परंपरा आहे. शुभप्रसंगी एलियाहू हान्नबी या संदेष्ट्याच्या नावाने भिजवलेले पोहे, नारळ, गूळ आणि फळे यांचा मलिदा करतात. असा मलिदा जगातल्या इतर यहुद्यांत नाही. मुसलमान घरांत बाळाच्या कानात अजान देतात आणि सातव्या दिवशी अकीका (बळी) व जावळ होते. नव्याने येणाऱ्याला कलमा पुरतो. शिखांच्या अमृतसंचारात (१६९९ पासून) पाच प्यारे लोखंडी वाडग्यात बत्ताशांचे पाणी खंड्याने (दुधारी तलवारीने) ढवळून देतात.

दादरच्या समुद्रकाठी पाण्याशिवाय झालेली दीक्षा या शहराने सर्वांत मोठ्या प्रमाणावर पाहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ७ डिसेंबरला त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी, आज जिथे चैत्यभूमी आहे तिथे, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून शोकाकुल जमावाने दीक्षा घेतली. इथे क्रियापद एकच होते, ‘घेतली’.

बाप्तिस्म्याची नोंद धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) वहीत होते आणि पुढे त्याच नोंदीच्या समासात दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा पुढचा संस्कार), विवाह किंवा गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार) लिहिली जाते. चर्चमध्ये लग्न ठरले की वधूवरांकडे बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतात. घरी जपलेला जुना कागद चालत नाही, कारण समासात मधल्या वर्षांत काय लिहिले गेले ते त्यावर नसते.