लेन्सच्या आधी व्ह्यूफाइंडर : जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या निवडीमागचा इतिहास

बडोद्यात जुना फिल्म कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा लेन्सविषयी असतो : पन्नास मिमीची घ्यावी की पस्तीसची (आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद), जर्मन घ्यावी की रशियन. चित्राची चौकट ठरवण्यासाठी ज्यातून पाहायचे त्या व्ह्यूफाइंडरचा विचार नंतर येतो, आणि पुष्कळदा पैसे मोजून झाल्यावर येतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. एसएलआरवर (आरशामुळे लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर) आणि पुढे मोबाइलवर हात बसलेल्यांना, लेन्स जे पाहते तेच आपल्याला दिसते असे गृहीत धरण्याची सवय असते. रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा एकावर एक जुळवून अंतर ठरवणारी यंत्रणा असलेल्या, कॅमेऱ्यात मात्र चित्र एका काचेतून फिल्मवर उतरते आणि छायाचित्रकार दुसऱ्याच काचेतून पाहत असतो. या दोन काचांचा मेळ बसवण्यात कारखान्यांची जवळजवळ तीस वर्षे गेली, आणि त्या प्रवासातील कोणत्या टप्प्यावरचा कॅमेरा आपल्या हाती येतो त्यावर त्याला कोणती लेन्स मानवेल हे ठरते.

जर्मनीतील वेट्झलार येथे लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बारनॅक यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी चालवून तिच्यावर २४ × ३६ मिमीचे चित्र घेणारा लहान कॅमेरा बनवला होता. १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात तो ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला. त्याची ५० मिमीची लेन्स मॅक्स बेरेक यांनी आखलेली होती आणि ती बॉडीला कायमची जोडलेली होती. माथ्यावरचा फाइंडर म्हणजे उलट्या दुर्बिणीच्या तत्त्वावरची एक छोटीशी नळी होती. लेन्स एकच असल्यामुळे फाइंडर कोणता, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. अंतर तेवढे अंदाजाने लावावे लागे.

१९३० मध्ये लेन्स बदलण्याची सोय झाली आणि प्रश्न तिथेच जन्मला. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक लेन्स विशिष्ट बॉडीशी जुळवून दिलेली असे. १९३१ मध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी असे पक्के झाले आणि ३९ मिमी व्यासाच्या आट्यांची कोणतीही लेन्स कोणत्याही बॉडीवर बसू लागली. पण ३५ किंवा १३५ मिमीची लेन्स लावली, तरी बॉडीतला फाइंडर ५० चेच दृश्य दाखवत राही. १९३२ च्या लायका दोनमध्ये लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर आला, तरी फोकस जुळवण्याची खिडकी वेगळी आणि चौकट ठरवण्याची वेगळी होती. म्हणून कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खाचेत स्वतंत्र फाइंडर बसवण्याची पद्धत रूढ झाली. त्यांतील ‘विडोम’ या फाइंडरचे कडे फिरवले की निवडलेल्या लेन्सनुसार चौकट लहान-मोठी होई. त्यातील प्रतिमा उभी दिसत असली तरी डावे-उजवे उलटलेले असे.

या टप्प्याचा बडोद्याशी थेट संबंध आहे. १९४८ मध्ये महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या वाढदिवसाच्या सोहळ्याची छायाचित्रे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी येथे काढली. ते लायका आणि मुख्यत्वे ५० मिमीची लेन्स वापरत, आणि १९४० च्या दशकातील त्यांच्या काही छायाचित्रांत त्यांच्या कॅमेऱ्यावर विडोम बसवलेला दिसतो. बॉडीत ५० चा फाइंडर असूनही असा छायाचित्रकार वेगळा फाइंडर लावतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. अंगच्या फाइंडरची खिडकी किती बारीक होती आणि चौकट नेमकी दिसण्याला त्यांच्या लेखी किती मोल होते, हे त्यातून कळते.

लाइट्झचा मोठा प्रतिस्पर्धी होता झाइस. त्यांचा काँटॅक्स १९३२ मध्ये आला आणि १९३६ च्या काँटॅक्स दोनमध्ये फोकस व चौकट या दोन्ही गोष्टी एकाच खिडकीत आल्या. काँटॅक्ससाठी लुडविग बेर्टेले यांनी आखलेल्या झोनार लेन्स एफ २ आणि एफ १.५ इतक्या उघडत (आकडा लहान तितका प्रकाश जास्त). काचा एकमेकींना चिकटवून हवेला भिडणारे पृष्ठभाग त्यांनी कमी ठेवले होते, कारण अशा प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परावर्तित होऊन चित्र फिके पाडतो. १९३५ मध्ये झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी हे परावर्तन कमी करणारा पातळ लेप शोधला. मात्र सर्वसामान्य लेन्सवर असा लेप युद्धानंतरच सर्रास दिसू लागला. बडोद्याच्या उन्हाळ्यात दुपारच्या पांढऱ्या उजेडात काम करायचे असेल, तर लेप असलेली युद्धोत्तर लेन्स घेणे किंवा निदान लेन्सच्या तोंडाशी बाजूचा उजेड अडवणारे हूड लावणे श्रेयस्कर ठरते. लायकाच्या युद्धपूर्व झुमार लेन्सची पुढची काच मऊ असल्यामुळे तिच्यावर पुसण्याचे ओरखडे हमखास आढळतात.

फाइंडरच्या बाबतीत निर्णायक कल्पना डच अभ्यासक फान अल्बाडा यांच्या नावाने ओळखली जाते. चौकटीच्या रेषा आरशाच्या साहाय्याने दृश्यातच तरंगत असल्यासारख्या दाखवायच्या आणि रेषांबाहेरचा भागही दिसू द्यायचा, अशी ती रचना आहे. चौकटीत अजून न शिरलेला माणूस आधीच दिसणे, हे रस्त्यावर छायाचित्रे काढणाऱ्यासाठी मोठे वरदान होते. लाइट्झने ५० मिमीसाठी ‘स्बोई’ नावाचा उजळ रेषांचा वेगळा फाइंडर काढला. त्यात दृश्य जवळजवळ खऱ्या आकाराचे दिसत असल्याने दुसरा डोळाही उघडा ठेवता येतो. नंतर १९५४ च्या लायका एम३ मध्ये या रेषा कॅमेऱ्याच्या पोटातच आल्या. लेन्स बसवली की ५०, ९० किंवा १३५ ची चौकट आपोआप उमटे, आणि फोकस जवळ आणला की ती खाली सरके. फाइंडर लेन्सच्या वर व बाजूला असल्यामुळे जवळच्या चित्रात माणसाचे डोके कापले जाण्याचा जो धोका असे, त्यावरचा हा उपाय होता.

एम३ चे दृश्य उघड्या डोळ्याला दिसते त्याच्या सुमारे ०.९१ पट, म्हणजे फार मोठे असल्यामुळे त्यात ३५ ची चौकट मावत नव्हती. ती हवी असणाऱ्यांसाठी पुढे चष्म्यासारखी भिंगे जोडलेल्या ३५ च्या लेन्स निघाल्या. काही वर्षांतच आलेल्या एम२ मध्ये दृश्य ०.७२ पटीवर आणून ३५, ५० आणि ९० च्या चौकटी दिल्या गेल्या, आणि १९६७ च्या एम४ मध्ये चारही एकत्र आल्या. जुना कॅमेरा निवडताना या दोन आकड्यांकडे पाहावे, असा माझा आग्रह आहे. मांडवीभोवतीच्या अरुंद गल्ल्यांत किंवा गणेशोत्सवात दांडिया बाजारात फिरून छायाचित्रे काढणाऱ्याला ३५ मिमीच सोयीची ठरेल. त्याने एम३ घेतला तर त्याला माथ्यावर वेगळा फाइंडर वागवावा लागेल किंवा ती भिंगे जोडलेली लेन्स घ्यावी लागेल. उलट ५० आणि ९० वर भर देणाऱ्याला, विशेषतः कमी उजेडात फोकस अचूक हवा असणाऱ्याला, एम३ सारखी मोठी खिडकी दुसरीकडे सहसा मिळत नाही. चष्मा लावणाऱ्याने फाइंडरमधील सर्वांत रुंद चौकटीचे चारही कोपरे एका वेळी दिसतात का, हे डोळा लावून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

लायकाइतका खर्च ज्यांना परवडत नाही, त्यांच्यापुढे सोव्हिएत आणि जपानी पर्याय येतात. झोर्की व फेद हे कॅमेरे लायकाच्या स्क्रू माउंटच्या, म्हणजे आट्यांनी लेन्स बसवण्याच्या, धर्तीवर बनले. ज्युपिटर-८ ही ५० मिमीची लेन्स युद्धपूर्व झोनारच्या आखणीवर आधारलेली आहे. ती स्वस्तात मिळते आणि चित्रेही सुरेख देते, पण काही ज्युपिटर लेन्सचा फोकस लायका बॉडीवर, जवळच्या अंतरावर व पूर्ण उघड्या अॅपर्चरला, किंचित सरकतो. जपानमध्ये कॅननने १९६१ च्या कॅनन ७ मध्ये ३५ पासून १३५ पर्यंतच्या चौकटी एकाच फाइंडरमध्ये दिल्या, त्याही स्क्रू माउंट बॉडीत. मर्यादित खर्चात लेन्स व फाइंडर दोन्ही साधायचे असतील, तर माझे मत या कॅमेऱ्याच्या बाजूने आहे.

१९५९ च्या निकॉन एफनंतर व्यावसायिक छायाचित्रकार एसएलआरकडे वळले आणि हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला. भारतातील सामान्य घरांत तो कधी पोहोचलाच नव्हता. बडोद्यातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक तीन अनेक मराठी कुटुंबांच्या कपाटात अजून सापडतो. १२० च्या रोलवर १२ चौरस चित्रे घेणाऱ्या त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येत नाही आणि फोकसही ठरलेला असतो, त्यामुळे साधा फाइंडर त्याला पुरतो.

जुना रेंजफाइंडर हातात घेतल्यावर लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकून बुरशी व धुरकटपणा पाहावा, कारण पावसाळ्यातील दमट हवेत बंद पेटीत राहिलेल्या काचांना बुरशी लवकर धरते. त्याहून अधिक वेळ फाइंडरला द्यावा. रेंजफाइंडरची जोडप्रतिमा पुसट दिसत असेल, तर आतल्या अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा गेलेला असण्याची शक्यता असते, आणि ते काम लेन्स साफ करण्याहून अवघड व महाग असते. स्क्रू माउंट लेन्स एम बॉडीवर (एम३, एम२, एम४ वर, ज्यांत लेन्स आट्यांनी बसत नाही) लावायची असल्यास १ मिमी जाडीचे अॅडॉप्टर लागते, कारण एम बॉडीत लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २७.८ मिमी आहे. फाइंडरमध्ये कोणती चौकट उमटेल, हे या अॅडॉप्टरच्या कडेच्या लांबीवरून ठरते. त्यामुळे ३५, ५० आणि ९० साठीची अॅडॉप्टर वेगवेगळी असतात आणि ती लेन्सनुसार पाहूनच घ्यावी लागतात.