त्या सात मुली कशाने गेल्या?

लेकीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: 'एचपीव्हीची लस घेऊन सात मुली दगावल्या.' एचपीव्ही हा गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू, आणि ही लस त्यापासून बचावासाठी. सात मुली गेल्या, हे खरं आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात सुमारे २४ हजार मुलींना ही लस दिली, त्यातल्या त्या. पण कशाने गेल्या? सातपैकी पाच जणींचं सांगते: एक खाणीच्या पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींच्या पोटात कीटकनाशक गेलं, एकीला मलेरिया झाला होता. या मृत्यूंचा लशीशी संबंध नसावा, असंच सरकारी चौकशी समितीने म्हटलं.

चूक झाली ती वेगळी, आणि ती लहान नव्हती. आंध्रात कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रावर आईवडिलांची नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. त्याचा संताप मलाही येतो. पण तो राग लशीवर का काढायचा?

'लग्नाच्या वेळी बघू' असंही म्हणू नका. विषाणूशी संबंध येण्याआधीच ही लस सर्वांत चांगली काम करते, म्हणून ९ ते १४ हे वय. टोचल्यावर कधी चक्कर येते, त्यामुळे पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. माझ्या लेकीचा दंड दोन दिवस दुखला, इतकंच.