चाळीस पत्रिका, सत्तावीस ज्योतिषी आणि नाणेफेक

२००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशातल्या विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’, म्हणजे फलज्योतिष, हा विषय सुरू करायचं ठरवलं. वैज्ञानिकांनी जोरदार विरोध केला. जीवशास्त्रज्ञ पुष्प भार्गव न्यायालयात गेले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. काय शिकवावं हे तज्ज्ञ संस्थेने ठरवावं, त्यात न्यायालयाने पडू नये, असा निकालाचा रोख होता. या सगळ्या वादात एक साधी गोष्ट राहून गेली. पत्रिकेवरून माणसाबद्दल काही सांगता येतं का, हे अभ्यासक्रमाला पैसा देण्याआधी कोणी तपासलंच नाही.

ते काम पुण्यात झालं. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे जाणकार प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत छापून आले.

अशा चाचणीत सगळ्यात कठीण काम म्हणजे प्रश्न निवडणं. ‘स्वभाव कसा आहे’ असं विचारलं की उत्तर कुठेही बसवता येतं. म्हणून दोन स्पष्ट गट घेतले: शंभर हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली शंभर मुलं. मूल कोणत्या गटातलं आहे याबद्दल नंतर वाद होण्याचा प्रश्नच नव्हता. बुद्धी पत्रिकेवरून कळते, असा दावा ज्योतिषी नेहमी करतात, तेव्हा हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचाही नव्हता.

कार्यकर्त्यांनी जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण गोळा केलं, घाटपांडे यांनी संगणकावर पत्रिका मांडल्या. प्रत्येक पत्रिकेला सांकेतिक क्रमांक दिला आणि कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी संख्याशास्त्र विभागात कुलुपात ठेवली. पत्रिका हाताळणाऱ्यांनाही उत्तर माहीत नव्हतं, पाहणाऱ्यांनाही नव्हतं. ही काळजी फार महत्त्वाची. एरवी जातक, म्हणजे ज्याची पत्रिका आहे तो माणूस, समोर बसलेला असतो. त्याचे कपडे, आडनाव, आईच्या आवाजातली काळजी, आधी कोणता प्रश्न विचारला, यातून कितीतरी माहिती मिळते. ज्योतिषी फसवत असतो असं नाही, ही माहिती त्याच्या नकळतही त्याच्यापर्यंत पोचते. चाचणीत समोर फक्त बारा घरं आणि त्यातले ग्रह होते.

जाहीर आवाहनानंतर ५१ ज्योतिष्यांनी पत्रिका मागवल्या. प्रत्येकाला दोनशेंतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या चाळीस दिल्या. उत्तरं २७ जणांनी पाठवली. हे नवशिके नव्हते, सरासरी अनुभव चौदा वर्षांचा होता.

चाळीस का, दहा का नाहीत? कोणी डोळे मिटून अंदाज केला तर दहापैकी सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे सतरा टक्के असते. म्हणजे सहा जणांनी नुसता तुक्का मारला तरी एखादा सात बरोबर आणतो. चाळीसपैकी अठ्ठावीस हेही सत्तर टक्केच, पण ते निव्वळ योगायोगाने जमण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. म्हणून अठ्ठावीस ही रेषा ठरली. दहा पत्रिकांवर ‘सिद्ध’ झालेल्या दाव्यात काहीच दम नसतो, हे संख्याशास्त्राची तोंडओळख असलेल्या कोणालाही कळेल, आणि तरी असे दावे सर्रास चालतात.

निकाल असा आला. सर्वांत चांगला गुण २४. दोघांना २२. बाकीचे सगळे २० किंवा त्याहून कमी. सरासरी सुमारे ४६ टक्के. आता त्या २४ गुणांवर कोणी म्हणेल, ‘निदान एक तरी जाणकार निघाला!’ वाचकालाही क्षणभर तसंच वाटतं. सत्तावीस जणांनी नाणं उडवून उत्तरं लिहिली असती, तर त्यांतल्या तीन-चार जणांना २४ किंवा जास्त गुण मिळावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात एकालाच मिळाले. नाण्यानेही तेवढं केलं असतं. ज्योतिष शिकवणाऱ्या एका संस्थेला सगळ्या दोनशे पत्रिका दिल्या होत्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली. तिथे दावा टिकायला ११८ हवी होती.

आक्षेप आले, त्यांतला एक विचार करण्यासारखा आहे. जन्मवेळ चुकीची असेल तर? लग्नराशी, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, तर सुमारे तेरा मिनिटांनी. घरच्यांनी ‘पहाटे पाचच्या सुमारास’ सांगितलं तर नवमांश सहज चुकू शकतो. पण रोजच्या व्यवहारात लोक याच वेळा घेऊन जातात, त्यांवरच लग्नं ठरतात आणि मोडतात. वेळ इतकी नाजूक असेल, तर आधी व्यवसाय थांबवायला हवा. दुसरी मर्यादा खरी आहे: ५१ पैकी २४ जणांनी उत्तर पाठवलं नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल यातून काही सांगता येत नाही. शिवाय चाचणी एका प्रश्नाची होती. विवाह किंवा आयुर्मान सांगता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या प्रश्नांवर याच पद्धतीने चाचणी द्यावी. पद्धत उघड आहे, खर्चही फारसा नाही.

यात राजकारण कुठे आहे? पैसा आणि मान्यता यांच्या जागी. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (ज) नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं नागरिकांचं कर्तव्य आहे, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते आलं. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर आधी अध्यादेश आणि त्याच डिसेंबरात महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. तो नरबळी, अघोरी प्रथा आणि लूट यांवर बोट ठेवतो. ज्योतिषाच्या आणि वास्तूच्या सल्ल्याला मात्र त्यात स्पष्ट सूट आहे. त्याचा अर्थ, या बाबतीत पोलीस कारवाई करणार नाहीत, शहानिशा आपल्यालाच करावी लागणार. मला ही सूट चुकीची वाटत नाही. पटत नसलेलं मत गुन्हा ठरवू नये. पण सरकारी पैशावर ते शिकवायचं असेल, तर मागणी वेगळी होते. २०२१ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ज्योतिषाची एम.ए. सुरू केली. असा अभ्यासक्रम मंजुरीला आला की शैक्षणिक परिषदेच्या बैठकीत विचारायला हवं: कोणता दावा, तो चुकला असं कधी म्हणायचं, उत्तरं कोणापासून झाकली होती, किती नोंदी घेतल्या, आणि उत्तरं न पाठवणाऱ्यांचं काय झालं?